अचानक बिघडलेलं मूल आणि पाठीतलं पाणी

खान्देशात एखादं मूल भ्रमिष्टासारखं वागायला लागलं की ते सरळ दवाखान्यात येत नाही. आधी घरात कुजबुज, मग मीठमोहऱ्या, मग भगत, मग गावातला डॉक्टर, मग तालुक्याचा. जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोग आणि मानसोपचार मिळून अशी मुलं बघणाऱ्या आमच्यासारख्यांपर्यंत येईतो दोन-तीन आठवडे सहज गेलेले असतात. ओपीडीत आई सांगते, "हाऊ मना पोऱ्या नही." हे वाक्य आम्ही केसपेपरवर जसंच्या तसं लिहितो. वर्षभरात हळूहळू घसरत गेलेल्या मुलाची आई असं बोलत नाही, ती म्हणते की तो पहिल्यापासूनच जरा एकलकोंडा होता. "हा माझा पोरगाच नाही" असं म्हणणाऱ्या आईने बदल झालेला दिवस पाहिलेला असतो, आणि आमच्या कामाला तो दिवसच लागतो.

तेरा वर्षांखालच्या मुलात स्किझोफ्रेनिया होतो, पण इतका विरळा की तालुक्याच्या डॉक्टरला उभ्या नोकरीत एखादा दिसला तर दिसला. म्हणून नऊ-दहा वर्षांचं मूल पंधरवड्यात भास सांगायला लागलं, झोपेनासं झालं, बोलणं तुटक झालं, तर पहिला संशय मेंदूच्या सुजेचा घ्यायचा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलात हे गणित बदलतं, ते पुढे येईलच.

या संशयाला ठोस नाव मिळालं २००७ मध्ये: अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफॅलायटिस. जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी १२ रुग्ण मुली-स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. वेडाचा झटका, फिट्स, श्वास मंदावणं असा सगळ्यांचा क्रम, आणि बहुतेकींच्या अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ. शरीराने त्या गाठीविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरलाही, म्हणजे पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या प्रथिनालाही, चिकटत होती. चिकटली की पेशी तो रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेते. पेशी मरत नाही, तिचं काम बंद पडतं, आणि प्रतिपिंडं हटली की रिसेप्टर पुन्हा वर येतात. महिनाभर कुणालाही न ओळखणारं मूल पुढे शाळेत जाऊ शकतं, ते यामुळे. लहान मुलांत बहुतेकदा गाठ सापडत नाही. काहींना आधी हर्पीसचा मेंदूज्वर झालेला असतो आणि त्यातून उठल्यावर काही आठवड्यांनी हा दुसरा आजार सुरू होतो. बाकीच्यांत कारण हाती लागत नाही.

सुरुवात तारखेपासून करायची. निदानाच्या निकषांत "तीन महिन्यांच्या आत सुरू झालेलं" ही पहिली अट आहे, आणि "कधीपासून?" असं विचारलं की उत्तर येतं, "झाले बरेच दिवस." म्हणून आम्ही सणांवरून विचारतो. आखाजीला झोक्यावर बसली होती का? गाणी पूर्ण म्हणत होती का? कानबाईच्या रोटांना पंगतीत नीट जेवली का? पोळ्याला बैल सजवायला गेला होता का? शाळा उघडली तेव्हा वहीतलं अक्षर कसं होतं आणि आज कसं आहे? वही मागवून घ्याच. अक्षर कोणत्या पानापासून बिघडलं ते दिसतं, आणि त्या पानावर तारीख असते. भगताकडे कधी नेलं तेही विचारायचं, पण कपाळाला आठी न घालता. कारण तो दिवस घरच्यांना पक्का आठवतो, आणि तुम्ही हिणवलंत तर तेवढाच ते लपवतात. त्याच्या आधी ताप, सर्दी, डोकेदुखी येऊन गेली होती का? या आजारात असा आठवडा-दोन आठवड्यांचा किरकोळ आजार आधी बऱ्याचदा असतो आणि तो कुणी आपणहून सांगत नाही.

दुसरं काम घरच्यांना वाटून द्यायचं: मोबाइलवर व्हिडिओ. अर्धा-एक मिनिटाचा, चेहरा आणि दोन्ही हात एकाच चौकटीत, एक दिवसाचा आणि एक रात्री दोनचा. ओपीडीत गप्प बसलेलं मूल रात्री ओठ चावतं, जीभ आत-बाहेर करतं, काही नसताना चघळत राहतं, हाताने हवेत काहीतरी निवडत बसतं. तोंडाच्या या हालचाली एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. झोपेत त्या कमी होतात, जागेपणी वाढतात. घरचे त्याला "दात खातो" म्हणतात आणि जंताचं औषध दिलेलं असतं.

तपासताना मुलाचा हात वर उचलून सोडायचा. तो तसाच अधांतरी राहिला, तर कॅटॅटोनिया, म्हणजे शरीर एका स्थितीत गोठून राहणं. ऑटोइम्यून सायकोसिसवर (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारे भास-संशय) २०२० मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीतला मुद्दा थोडक्यात असा: अचानक सुरू झालेल्या सायकोसिससोबत कॅटॅटोनिया किंवा विचित्र हालचाली, फिट, शुद्ध कमी होणं, स्मरणशक्ती-भाषा प्रमाणाबाहेर ढासळणं, नाडी-रक्तदाब-तापमानाची विनाकारण चढउतार, कुठे गाठ, किंवा मानसिक आजाराच्या औषधाने भलतीच ताठरता, यांतलं एक जरी असलं तरी पुढच्या तपासण्या करायच्याच. मुलांत आणि मोठ्यांत फरक आहे. मोठ्यांत भास-संशय आधी दिसतात. मुलांत चिडचिड, झोप उडणं, फिट, हालचाली आणि बोलणं आटणं आधी येतं. त्यामुळे अनेक मुलं मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचतच नाहीत, "फिट्सचा पेशंट" म्हणूनच फिरत राहतात.

त्याच वेळी दुसऱ्या शक्यता झटपट झाडून काढायच्या. धोतरा सर्वांत आधी. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग तापलेलं आणि लाल, सगळं काही तासांत सुरू झालेलं. एक-दोन दिवसांत उतरतं. विल्सनसाठी (शरीरात तांबं साठण्याचा आजार) डोळ्यांच्या डॉक्टरकडून बुबुळाभोवतीचं कडं बघून घ्यायचं आणि रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन तपासायला पाठवायचं. गोवरानंतर काही वर्षांनी येणारी एसएसपीई (मेंदूची हळूहळू बळावणारी सूज) विसरायची नाही, लस चुकलेल्या सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेल्या मुलात तर मुळीच नाही. तिच्यात अभ्यास आधी मागे पडतो आणि मग ठरावीक अंतराने झटके येतात. टीबीचा मेंदूज्वर, मेंदूतला मलेरिया, स्क्रब टायफस. किशोरवयीन मुलीला तोंडात फोड, सांधेदुखी, लघवीत प्रथिन असेल तर ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), त्यासाठी रक्ताच्या तपासण्या: एएनए, डीएस-डीएनए, सी-३, सी-४. घशाच्या संसर्गानंतर हातपाय नाचायला लागले तर सिडनहॅम कोरिया. त्यात हृदयाचा इको आणि दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिन चुकवायचं नाही.

सगळ्यात जास्त नुकसान जिथे होतं ती जागा म्हणजे पहिल्या रात्रीचं इंजेक्शन. मूल आरडाओरडा करतं, चावतं, चौघांना आवरत नाही, आणि हॅलोपेरिडॉल हे अँटिसायकोटिक (सायकोसिसवरचं औषध) दिलं जातं. साध्या सायकोसिसमध्ये ते चालून जातं. इथे मूल लाकडासारखं ताठतं, मान वळते, ताप चढतो, सीपीके (स्नायूंना इजा झाल्याची रक्तातली खूण) वाढतं. मग ताप आजाराचा, औषधाचा की जळगावच्या मे महिन्याचा हे कुणालाच सांगता येत नाही, आणि त्या गोंधळात दोन दिवस जातात. म्हणून शांत करायला आधी लोराझेपाम, ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो, श्वासावर आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवून. कॅटॅटोनिया असेल तर त्यानेच अर्ध्या तासात मूल थोडं मोकळं होताना दिसतं, म्हणजे ती तपासणीही झाली. अँटिसायकोटिक द्यावंच लागलं तर सौम्य, अगदी कमी मात्रेत, आणि रोज हात-पाय वाकवून ताठरता बघत.

आता पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सुईने काढून तपासायचा. याला घरचे सर्वाधिक घाबरतात. "पाठीत सुई मारली की पाय जातात" हे प्रत्येक वॉर्डात कुणी ना कुणी सांगतंच. आम्ही कागदावर चित्र काढून दाखवतो: मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली जाते. कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडं जोडणारी रेघ काढली की ती चौथ्या कंबर-मणक्यावर येते. त्याच्या वरच्या किंवा खालच्या फटीत २२ गेजची सुई. त्याआधी डोळ्यांचा पडदा बघायचा, प्लेटलेट मोजायच्या, आणि एका बाजूची कमजोरी किंवा डोक्यातला दाब वाढल्याची खूण असेल तर आधी स्कॅन. झोपवण्यासाठी लहान गावांत केटामाइन सर्रास वापरतात. ते नेमकं याच एनएमडीए रिसेप्टरला अडवतं. थेट नुकसान सिद्ध झालेलं नसलं तरी आम्ही ते टाळतो, मिडॅझोलामवर भागवतो. सुई टोचणं तसं सोपं आहे, कठीण आहे ते धरणं. गुडघे पोटाशी आणि पाठ कमानदार धरणारी अनुभवी सिस्टर असली की निम्मं काम झालं. मान मात्र जबरदस्तीने दाबायची नाही, श्वास अडतो.

पाणी चार-पाच मिली पुरतं. सुईआधी अर्ध्या तासात रक्तातली साखर काढलेली असावी, नाहीतर पाण्यातल्या साखरेचा अर्थ लागत नाही. पहिली बाटली प्रथिन आणि साखरेसाठी. दुसरी जंतू, टीबी आणि हर्पीस पीसीआरसाठी. तिसरी पेशींसाठी, आणि ती हातात धरून स्वतः लॅबमध्ये नेऊन द्यायची, कारण तासाभरात पेशी फुटायला लागतात आणि "पेशी शून्य" असा दिलासादायक पण खोटा रिपोर्ट येतो. चौथीत निदान एक मिली प्रतिपिंडांसाठी राखून ठेवायचं. या आजारात पाणी स्वच्छ दिसतं, लिम्फोसाइट थोड्या वाढलेल्या, प्रथिन नॉर्मल किंवा जरासं जास्त, साखर नॉर्मल. साखर खाली आणि प्रथिन बरंच वर असेल तर टीबीच्या दिशेने चालायला लागायचं.

प्रतिपिंडांची तपासणी आपल्याकडे होत नाही, नमुना बाहेर जातो. इथे चुका ठरलेल्या आहेत. एक, फक्त रक्त पाठवणं. एनएमडीए रिसेप्टरची प्रतिपिंडं पाण्यात असून रक्तात सापडत नाहीत असं साधारण सात रुग्णांत एकदा होतं, म्हणून दोन्ही नमुने, आणि प्रत्येक बाटलीवर "रक्त" की "पाणी" हे ठळक. मॉग प्रतिपिंड (मज्जातंतूंच्या आवरणाविरुद्धचं) मात्र रक्तात तपासायचं, ते मुलांत मागवावंच. दोन, आधी आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध) देऊन मग नमुना काढणं. त्या औषधात हजारो रक्तदात्यांची प्रतिपिंडं असतात, रिपोर्ट विश्वासाचा राहत नाही. तीन, उष्णता. २ ते ८ अंश हवं, आणि बाहेर ४५. थर्माकोलचा डबा, जेलपॅक, रात्रीची गाडी. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला डबा रविवारभर कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतो, तेव्हा सोमवारची वाट बघितलेली बरी, नमुना तोवर फ्रिजमध्ये.

ईईजीसाठी (मेंदूच्या लहरींची नोंद) एकच सूचना घसा बसेपर्यंत द्यावी लागते: आदल्या रात्री शाम्पूने डोकं धुवा, तेल लावू नका. खान्देशात आजारी पोराच्या डोक्यावर तेल थापल्याशिवाय आईला चैन पडत नाही, आणि तेलावर इलेक्ट्रोड टिकत नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये जागेपण आणि झोप दोन्ही हवं, आणि तंत्रज्ञाला आधीच सांगून ठेवायचं की तोंडाची हालचाल सुरू झाली की वेळ टिपून ठेव. त्या क्षणी लहरींत फिट नसेल तर ती हालचाल फिट नव्हे, आणि फिटचं औषध वाढवत बसण्यात अर्थ नाही. बहुतेकदा सगळीकडे मंद लहरी दिसतात. मानसिक आजारात पार्श्वभूमी एवढी मंद नसते, म्हणून स्वस्तातली ही तपासणी फार उपयोगी. एमआरआय निम्म्याहून अधिक मुलांत नॉर्मल येतो. तो नॉर्मल आला म्हणून "डोक्यात काही नाही, मानसिक आहे" असं लिहून मूल घरी पाठवलेलं आम्ही वारंवार पाहतो. एमआरआय दुसरे आजार वगळायला असतो. गाठ शोधायला मुलींच्या पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी, मुलग्यांत वृषणांचीही.

रिपोर्टला आठवडा-दहा दिवस लागतात, तोवर थांबायचं नाही. लक्षणं, पाणी आणि ईईजी जुळत असतील आणि संसर्ग वगळला गेला असेल तर इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्ती आवरणारे उपचार, सुरू. हर्पीसचा रिपोर्ट येईपर्यंत असायक्लोव्हिर चालू ठेवायचं, भरपूर सलाइनसह, नाहीतर किडनीला त्रास होतो.

पण स्टेरॉइडच्या आधी आपल्या भागात एक गोष्ट बघायचीच, आणि ती मोठ्या शहरातल्या यादीत बहुधा नसते: सिकलसेल, रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुडा पट्ट्यातलं मूल असेल तर सिकलसेलचं कार्ड मागायचं, नसेल तर रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी आणि मग पक्कं करायला एचपीएलसी. वाहक असेल तर फारशी अडचण नाही. आजारच असेल तर स्टेरॉइडने, विशेषतः ते झटकन थांबवलं की, वेदनेचा झटका उसळू शकतो, आणि आयव्हीआयजीने रक्त घट्ट होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. उपचार थांबवायचे नाहीत, पण रक्तविकारतज्ज्ञाशी बोलून, पाणी भरपूर देऊन, गरज पडली तर आधी रक्त बदलून. सोबत टीबी आणि हिपॅटायटिस बी बघून घ्यायचं.

स्टेरॉइड म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन, ३० मिलिग्रॅम प्रति किलो रोज, कमाल १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. वीस किलोच्या मुलाला ६०० मिलिग्रॅम, तासाभरात सावकाश. रक्तदाब, साखर, पोटॅशियम रोज. आयव्हीआयजी एकूण २ ग्रॅम प्रति किलो, दोन ते पाच दिवसांत विभागून. त्याच मुलाला ४० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या. पहिला अर्धा तास अगदी हळू, आणि बाटलीचा बॅच नंबर केसपेपरवर चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं, उलटी झाली तर वेग कमी करायचा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. खर्चाचा डोंगर इथेच असतो. स्टेरॉइड स्वस्त, आयव्हीआयजी महाग. म्हणून भरतीच्याच दिवशी रेशनकार्ड-आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटायला लावतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची परवानगी मिळो न मिळो, अर्ज उशिरा केला तर वेळ हमखास जातो.

वॉर्डात मूल मॉनिटरला हवं. रात्री अचानक नाडी १६० आणि तासाभराने ५०, असं या आजारात होतं. श्वास मंदावू शकतो. गिळता येत नसेल तर नाकातून नळी, खाटेला कठडे, तोंडाच्या हालचालींत जीभ कापली जाऊ नये म्हणून लक्ष. व्हेंटिलेटर किंवा प्लाझ्मा बदलण्याची वेळ येईल असं वाटलं की नाशिक, मुंबई किंवा नंदुरबारकरांना जवळचं सुरत, पण मूल स्थिर असतानाच. घाटात रुग्णवाहिकेत फिट आली तर नाकात मिडॅझोलाम ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो, हे सोबत जाणाऱ्याला हातात देऊन शिकवून ठेवायचं.

दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर दुसरी फळी: रिटुक्सिमॅब ३७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, आठवड्याला एक असे चार डोस, किंवा सायक्लोफॉस्फमाइड. हे ठरवायला महिना-महिना घालवणं हा मुलांच्या वाट्याला येणारा मोठा अन्याय आहे. २०१३ मध्ये ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांनी ज्यांची स्थिती कळली त्यांतले सुमारे ८१ टक्के चांगले झाले होते, लवकर सुरू केलेला उपचार चांगल्या निकालाशी जोडलेला होता, आणि सुमारे १२ टक्क्यांना दोन वर्षांत आजार उलटला.

आता दुसरी बाजू. ही माहिती पसरल्यापासून प्रत्येक सायकोसिसला प्रतिपिंडांचा संच मागवायची लाट आली आहे, आणि तीही बरी नव्हे. सतरा वर्षांचा मुलगा, वर्षभर अभ्यासातून मन उडालेलं, हळूहळू संशय, मग आवाज, तपासणी स्वच्छ, ईईजी स्वच्छ: याला स्किझोफ्रेनियाचे उपचार हवेत, तेही लगेच. रक्तात क्षीण पॉझिटिव्ह आलेली प्रतिपिंडं निरोगी माणसांतही सापडतात. थायरॉइडची प्रतिपिंडं तर इतक्या लोकांत असतात की एवढ्यावरून "हाशिमोटो एन्सेफॅलोपथी" लिहून स्टेरॉइड चालू करणं हा उतावीळपणा आहे. डेन्मार्कच्या २०११ मधल्या नोंदींच्या अभ्यासात ऑटोइम्यून आजार असलेल्यांत स्किझोफ्रेनियाचा धोका २९ टक्क्यांनी जास्त दिसला, म्हणजे दोघांत काही नातं आहेच. पण त्यावरून समोरच्या मुलाला इम्युनोथेरपी द्यायची की नाही हे ठरत नाही. ते पाण्यावरून, ईईजीवरून आणि हालचालींवरून ठरतं.

मूल उलट्या क्रमाने परत येतं. आधी नाडी-श्वास स्थिर, मग हालचाली थांबतात, मग शब्द, आणि वागणं सगळ्यात शेवटी. मधल्या काळात ते हपापल्यासारखं खातं, मारतं, लाज सोडून वागतं. घरच्यांना वाटतं पुन्हा बिघडलं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर गोळ्या बंद करून मूल परत भगताकडे जातं. तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करायचं नाही, कागदावर तारखा घालून उतरवायचं. शाळेत आधी दोन तास, पाठांतर नको, परीक्षा नको, मग अर्धा दिवस. लक्ष आणि स्मरणशक्ती मागे राहते, कधी वर्षभर, आणि वर्गशिक्षकांना हे चिठ्ठीने कळवावं लागतं, नाहीतर "आता बरा आहे तरी टाळतो" असा शिक्का बसतो. २ ग्रॅम आयव्हीआयजीनंतर गोवर-रुबेलाची लस ११ महिने थांबते, त्यामुळे लसीकरण कार्डावर लाल शाईने तारीख लिहायची आणि आशाताईंना दाखवायची. बारा वर्षांपुढच्या मुलीची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी, निदान दोन वर्षं. झोप सलग दोन-तीन रात्री उडाली किंवा तोंड पुन्हा चाळवायला लागलं की त्याच आठवड्यात परत यायचं, येताना पाण्याचा मूळ रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि जुने व्हिडिओ घेऊन.